बिननावाची जपानी गिटार: पिकअप वायरिंगच्या नोंदी

४ एप्रिल

लेस पॉल (अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीची प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटार) घाटाची गिटार, सोलापुरातल्या एका जुन्या ऑर्केस्ट्राच्या सामानातली. हेडस्टॉकवरचं, म्हणजे मानेच्या टोकावरचं, नाव कधीच गळून पडलंय. मान बॉडीला चार स्क्रूंनी आवळलेली आणि त्यावरच्या पत्र्यावर फक्त 'मेड इन जपान'. गिब्सनच्या लेस पॉलची मान चिकटवलेली असते, त्यामुळे ही सत्तरच्या दशकातली नक्कल आहे हे मागची बाजू पाहूनच कळतं. नॉर्लिनने, म्हणजे तेव्हाच्या गिब्सनच्या मालक कंपनीने, १९७७ मध्ये आयबानेझ या जपानी गिटार ब्रँडच्या अमेरिकेतल्या एल्गर कंपनीवर दावा लावला तो हेडस्टॉकच्या आकारावरून. विकणारे मात्र हल्ली त्या काळातल्या प्रत्येक जपानी नकलेला 'लॉसूट (दाव्यातली) गिटार' म्हणून भाव चढवतात. तिकडे लक्ष देऊ नये.

तक्रारी: नेक पिकअप (पिकअप म्हणजे तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग, नेक म्हणजे मानेजवळचा) मुका. ब्रिज (तारांच्या बुडाकडचा) चालतो, पण हम, म्हणजे सततची गुणगुण, फार. स्विच हलवला की खरखर. तारांवर हात ठेवला तरी हम जराही कमी होत नाही. ही शेवटची खूण महत्त्वाची. तारा ग्राउंडला जोडलेल्या असत्या तर हात लागताच आवाजात फरक पडला असता.

बॉडी उघडण्याआधी जॅकवरूनच मोजमाप. गिटारमध्ये केबल लावायची, दुसऱ्या टोकाच्या प्लगच्या टोकाला मीटरची लाल पिन, दांड्याला काळी. चारही पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे फिरते रोध) पूर्ण उघडे. रीडिंग:

स्विच नेकवर: ४८६ किलोओहम
स्विच मधोमध, दोन्ही पिकअप: ७.२६ किलोओहम
स्विच ब्रिजवर: ७.३७ किलोओहम

नेकला मीटर 'ओपन', म्हणजे पूर्ण तुटलेली वाट, दाखवत नाही, ४८६ के दाखवतोय. पिकअप तुटलाय, पण व्हॉल्यूम पॉटपासून स्विच आणि जॅकपर्यंतची वाट धड आहे. मीटरला दिसतोय तो फक्त पॉटचा रोध, म्हणजे पॉट ५०० केचा. स्विच तुटला असता तर इथे काहीच आलं नसतं. व्हॉल्यूम बंद ठेवून मोजलं तर शून्याजवळचा आकडा येतो आणि माणूस उगाच शॉर्ट शोधत बसतो.

५ एप्रिल

मागचं झाकण उघडलं. काम टेबलावर घडी घातलेल्या चादरीवर करतोय. टॉवेल नको, टेरीच्या फाशांमध्ये तारांची कापलेली टोकं आणि पॉटच्या नटांच्या कडा अडकतात.

आत कापसाचे तंतू भरपूर. आजूबाजूला पॉवरलूम आहेत, तेव्हा नवल नाही. पॉटच्या उघड्या फटीत आणि टॉगल स्विचच्या पात्यांमध्ये तेच तंतू तेलकट होऊन बसलेत. स्विचची निम्मी खरखर इथेच. फुंकर मारू नये, थुंकीचा ओलावा जातो. मऊ ब्रशने झाडून घेतलं.

काहीही सुटं करण्याआधी नकाशा. फोनवर फोटो चार कोनांतून काढले, पण फोटोत कुठली वायर कुठल्या टोकाला डागलीये (सोल्डर केलीये) ते कथलाच्या गोळ्याखाली लपतं. म्हणून कागदावर प्रत्येक पॉटची तीन टोकं काढून, वायर हलकेच ओढून, मीटरच्या बीपवर तपासून रेघ मारली. निघालं ते असं:

पिकअपची वायर व्हॉल्यूम पॉटच्या बाहेरच्या टोकाला. मधलं टोक स्विचकडे. तिसरं टोक वाकवून पॉटच्या पाठीवर डागलेलं, तेच ग्राउंड. व्हॉल्यूमच्या बाहेरच्या टोकापासून टोन पॉट, आणि तिथून कपॅसिटर ग्राउंडला. म्हणजे लेस पॉलची नेहमीचीच रचना. या रचनेत स्विच मधोमध असताना एक व्हॉल्यूम शून्यावर नेला की दोन्ही पिकअप गप्प होतात. तो बिघाड नव्हे, त्यासाठी वायर उलटापालट करायची गरज नाही.

कपॅसिटर हिरवे, फिल्मचे, दोन्हींवर ४७३के. म्हणजे ४७ वर तीन शून्यं पिकोफॅरड, ०.०४७ मायक्रोफॅरड, के म्हणजे दहा टक्के कमीजास्त. मोजले तर ०.०४६ आणि ०.०४९. ठेवायचे. जुना फिल्म कपॅसिटर मोजमापात बरोबर असेल तर त्याला हात लावण्यात काही हशील नाही. त्याजागी महागडा 'व्हिंटेज' कपॅसिटर बसवून आवाज सुधारतो असं सांगणारे पुष्कळ भेटतात.

एक गोष्ट डोळ्यात भरली. नेक पिकअपचे पॉटवरचे डाग जुने, मंद राखाडी, सगळे एका हाताचे. ब्रिजचा डाग चकचकीत, मोठा, भोवती तपकिरी चिकट सोल्डरिंग पेस्ट. ब्रिज पिकअप कधीतरी कुणीतरी उघडलाय.

८ एप्रिल

पिकअप बाहेर काढले. दोन्हींच्या वायरी जाळीच्या, आत एक गाभा. गाभा 'गरम', म्हणजे सिग्नलचा, जाळी ग्राउंड. पॉटवरून सोडवून थेट मोजलं:

ब्रिज: ७.४९ किलोओहम
नेक: ओपन

खोलीत ३८ अंश. इथे एक हिशेब करावा लागतो, जो थंड हवेत काम करणाऱ्यांना फारसा लागत नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. ३८ अंशांना ७.४९ म्हणजे २० अंशांना ७.०० के. सोलापूरच्या एप्रिलमध्ये मोजलेला आकडा इंटरनेटवरच्या तक्त्याशी थेट ताडला तर 'या पिकअपला जास्त वेटोळी आहेत' असा भलताच निष्कर्ष निघतो. आणि हातात धरून गरम झालेल्या पिकअपचा आकडा तर हलतच राहतो. टेबलावर अर्धा तास पडू द्यावा, मग मोजावा.

आता नेकचं कव्हर. दोन बाजूंना दोन डाग. २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री इथे चालत नाही. पितळी कव्हर सगळी उष्णता पिऊन टाकतं, डाग वितळेपर्यंत आतला बॉबिन (कॉइलची तार गुंडाळलेली रीळ) तापून जातो. ६० वॉटची, रुंद टोकाची घ्यायची, कथील वितळताच शोषपंपाने ओढायचं, उरलेला पापुद्रा पातळ पात्याने कापायचा. पातं आत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त जाऊ द्यायचं नाही, कारण कॉइल तिथेच आहे.

कव्हर निघालं. चेहरा हंबकरचा, पोटात सिंगल कॉइल. एकच बॉबिन, स्क्रूंच्या रांगेखाली, मधोमध नाही तर एका बाजूला. उरलेल्या अर्ध्या जागेत चुंबक आणि स्पंजचा तुकडा. स्वस्तातल्या सत्तरच्या जपानी नकलांमध्ये ही चाल सर्रास सापडते. खरा हंबकर, म्हणजे गिब्सनमध्ये सेथ लव्हरने घडवलेला, ज्याचा पेटंट अर्ज १९५५ चा आणि जो १९५७ पासून गिटारवर बसू लागला, त्यात दोन कॉइल असतात. एकीचं वेटोळं दुसरीच्या उलट, चुंबकही उलट, म्हणून तारेचा आवाज जुळतो आणि बाहेरचा हम एकमेकाला मारतो. इथे दुसरी कॉइलच नाही, तर हम मरणार कसा? मागांच्या मोटारी चालू असलेल्या गल्लीत ही गिटार बडबडणारच.

आतली रचना नीट लिहून ठेवतो, पुढे लागेल. बॉबिन काळ्या प्लॅस्टिकचा. खाली लोखंडी पट्टी, तिच्यातून सहा स्क्रू आरपार. पट्टीच्या एका लांब कडेला सिरॅमिक चुंबक चिकटलेला. चुंबकाचे ध्रुव त्याच्या दोन लांब कडांवर आहेत. पट्टीला जी कड टेकते तिचाच ध्रुव स्क्रूच्या डोक्यावर उमटतो.

१२ एप्रिल

नेकची कॉइल. सगळ्यात आधी ठरवायचं ते हे की रिवायंडिंग, म्हणजे सगळी तार नव्याने गुंडाळणं, करायचं नाही, निदान तुटलेली जागा सापडेपर्यंत. मुका झालेला पिकअप दहा वेळा पाहिला तर बहुतेक वेळा तार तुटते ती टोकाला, जिथे केसासारखी तार जाड वायरीला डागलेली असते तिथे. कॉइलच्या पोटात क्वचित. तरी लोक सुरी घेऊन सरळ सगळी तार कापून टाकतात आणि पन्नास वर्षांचा पिकअप संपवतात.

भोवतीची कापडी पट्टी केसांच्या ड्रायरने कोमट करून उलगडली. घाई केली की चिकटलेली वरची वेटोळी पट्टीबरोबर उचलली जातात. दहापट भिंगाखाली बाहेरचं टोक: डागापासून मिलिमीटरभर अलीकडे हिरवट ठिपका आणि तिथेच तार संपलेली. घामातलं मीठ, त्यात आम्लाची पेस्ट, म्हणजे तांबं खायला एवढं पुरे. आतलं टोक शाबूत.

दुरुस्तीचा क्रम:

बाहेरचं एक पूर्ण वेटोळं सोडवून घेतलं. हजारोंपैकी एक वेटोळं गेल्याने आवाजात काही फरक पडत नाही, आणि कामाला मोकळी तार मिळते. टोकाचा सडलेला भाग कापला.

तारेवरचं इनॅमल जुनं आहे, इस्त्रीच्या उष्णतेने आपोआप जळणारं नाही. हल्लीच्या पॉलियुरेथेन तारेची सवय असलेला माणूस नुसता डाग देतो, वर कथील चढल्यासारखं दिसतं, आत संपर्क नसतो. १००० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून त्यात तार धरली आणि अगदी हलक्या हाताने दोनतीनदा ओढली, तांबूस चमक येईपर्यंत. जोर लावला की तार गेलीच.

लवचिक वायरीतला एकच धागा काढून तो आधी कथलात भिजवला, त्याभोवती कॉइलची तार पाच वेढे गुंडाळली, राळेचा फ्लक्स, २५ वॉटची इस्त्री, एका सेकंदाचा स्पर्श. पेस्ट बिलकूल नाही. जोड कॅप्टॉन (उष्णता सोसणाऱ्या) टेपच्या दोन तुकड्यांमध्ये दाबून बॉबिनच्या भिंतीला चिकटवला. वायर ओढली गेली तर ताण टेपवर यावा, केसासारख्या तारेवर नाही. मूळ कारखान्यात हेच केलेलं नव्हतं.

रीडिंग: ७.३० के, खोली पुन्हा ३८ अंशांवर. ब्रिजच्या शेजारी शोभेल असा आकडा. पण रोध बरोबर आला म्हणजे कॉइल धड असं होत नाही. काही वेटोळी एकमेकांत शॉर्ट असली तर रोध जेमतेम हलतो, आवाज मात्र पार मरतो. म्हणून एलसीआर मीटरवर इंडक्टन्स (कॉइलचं चुंबकीय माप): नेक ४.१ हेन्री, ब्रिज ४.२ हेन्री. शॉर्ट असता तर एक आकडा स्पष्ट खाली दिसला असता. दोन्ही कॉइल ठीक.

रिवायंडिंगची वेळ आलीच तर लक्षात ठेवायचं. पिकअपची नेहमीची तार अमेरिकन गेजने ४२ नंबर, जाडी ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडे वाइंडिंगची तार ब्रिटिश गेजने मिळते. दुकानात जाऊन '४२ नंबर द्या' म्हटलं तर ०.१ मिलिमीटरची तार हातात येते आणि बॉबिन निम्म्या वेटोळ्यांतच भरून जातो. मागायची ती ४६ नंबर, ०.०६१ मिलिमीटर. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडच्या मोटर रिवायंडिंगवाल्यांकडे इतकी बारीक तार नसते, त्यांचं काम जाड तारेचं. ती मागवावी लागते, आणि किलोवर विकतात. एका पिकअपला पन्नास ग्रॅमसुद्धा पुष्कळ झाले.

१३ एप्रिल

दोन्ही पिकअप तात्पुरते जोडून ऐकले. नेक बोलतो. ब्रिज बोलतो. स्विच मधोमध आणला की आवाज नाकातून, बारीक, खालचा सगळा भाग गायब. आणि त्याच जागी हम जवळपास शून्य.

या दोन खुणा एकत्र आल्या की कारण जवळजवळ ठरलेलं: पिकअप एकमेकांच्या उलट फेजमध्ये (एकाची लहर वर तेव्हा दुसऱ्याची खाली), आणि उलट झालंय ते वायरीमुळे, चुंबकामुळे नाही. तरी मोजून पाहिलं.

काटेवाला मीटर सगळ्यात कमी डीसी मिलिअँपिअरवर. लाल पिन गाभ्याला, काळी जाळीला. लोखंडी स्क्रूड्रायव्हर पिकअपच्या स्क्रूंवर टेकवून झटक्यात वर उचलायचा. नेक: काटा उजवीकडे उडतो. ब्रिज: डावीकडे. डिजिटल मीटरवर हे नीट दिसत नाही, आकडा नुसता नाचतो. या एका कामासाठी जुना काट्याचा मीटर टाकू नये.

मग होकायंत्र. दोन्ही पिकअपच्या स्क्रूंकडे होकायंत्राचं उत्तर टोक ओढलं जातं. दोन्ही दक्षिण. चुंबक एकाच दिशेचे, म्हणजे फरक कॉइलच्या वायरीत. ब्रिजचं कव्हर उघडून पाहिलं तर तेच: नेकमध्ये कॉइलचं आतलं टोक जाळीला आहे, बाहेरचं गाभ्याला. ब्रिजमध्ये बरोबर उलटं, त्याच चिकट तपकिरी पेस्टमध्ये. आधीच्या दुरुस्तीत टोकांची अदलाबदल झालीये. एकेकटे वाजवताना हे कुणाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं, आणि नेक मुका झाल्यावर तर प्रश्नच मिटला.

आता सरळ उपाय म्हणजे ब्रिजची टोकं परत अदलाबदल करायची. गिटार मूळ अवस्थेत येईल, मधल्या जागी भरदार आवाज येईल आणि हमही दुप्पट जोमाने परत येईल. दुसरा उपाय: वायरी आहेत तशाच ठेवायच्या आणि ब्रिजचा चुंबक उलटवायचा. तारेचा सिग्नल चुंबक आणि वेटोळं दोन्हींवर ठरतो, बाहेरचा हम फक्त वेटोळ्यावर. वेटोळं आधीच उलटं आहे. चुंबकही उलटा केला की तारेचा सिग्नल नेकशी जुळतो, हम मात्र विरुद्धच राहतो. म्हणजे स्विचच्या मधल्या जागी दोन सिंगल कॉइल मिळून एका हंबकरचं काम करतात.

गिटार संग्रहालयात जायची नाही, मांडवात वाजायची आहे. दुसराच उपाय.

२० एप्रिल

ब्रिजचा चुंबक काढला. पट्टीचे दोन स्क्रू ढिले केले, प्लॅस्टिकच्या पट्टीने चुंबक सरकवून बाहेर. सिरॅमिक ठिसूळ असतं, पेचकसाने उचकटलं की कोपरा उडतो. आधी मूळ कडेवर रंगाचा ठिपका दिला, मग लांबीच्या अक्षावर अर्धी कोलांटी देऊन दुसरी कड पट्टीला टेकवली. होकायंत्र: आता स्क्रूंकडे दक्षिण टोक ओढलं जातं. काट्याची चाचणी: दोन्ही पिकअपला काटा उजवीकडे.

पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पूर्ण धुतली. ती ठेवली तर पाचदहा वर्षांत इथेही हिरवा ठिपका येणार. टोकं राळेच्या फ्लक्सने पुन्हा डागली, त्याच जागी.

मेणात बुडवायचे का? पिकअप जोडून, आवाज वाढवून कव्हरवर नखाने टकटक केलं. नेकचा टकटकाट फार ऐकू येतो, मोठ्या स्पीकरपुढे शिट्टी मारणार. पॅराफिन आठ भाग, मधमाशीचं मेण दोन भाग, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून ६२ ते ६५ अंश. थर्मामीटर भांड्यातच. सत्तरच्या पुढे गेलं की जुना बॉबिन वाकतो आणि कॉइल सैल होते. बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण वीस मिनिटं. ब्रिजला गरज नव्हती, दिलं नाही. कव्हर डागताना एकाच बाजूला डाग, पुढच्या माणसाला उघडायला सोपं.

२१ एप्रिल

तारांचं ग्राउंड. टेलपीसपासून (तारा अडकवायच्या पट्टीपासून) जॅकच्या बाहीपर्यंत, म्हणजे ग्राउंडच्या संपर्कापर्यंत, ओपन. वायर आहे, पॉटच्या पाठीवर डागलेली, दुसरं टोक टेलपीसच्या बुशखाली (बॉडीत ठोकलेल्या धातूच्या नळीखाली) कुजून तुटलंय. बुश काढायला पक्कड लावली की कडेचं पॉलिश निघतं. त्याऐवजी बुशच्या भोकात छोटा लोखंडी रॉड टाकला आणि त्यावर टेलपीसचा स्टड (त्याला धरणारा जाड स्क्रू) परत आवळत नेला. स्टड रॉडला दाबतो, बुश आपसूक वर येतं. नवी वायर, टोकाची साल पंधरा मिलिमीटर काढून चपटी केली, बुश परत दाबलं. आता ०.३ ओहम.

तारा ग्राउंड केल्या की वाजवणारा थेट ॲम्पच्या चासीला जोडला जातो. म्हणून गिटार परत देताना एक चाचणी सक्तीची: ज्या बोर्डावर ॲम्प लागणार तिथे फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ एकदोन व्होल्ट आहेत का, आणि गिटारच्या तारा व माइकची जाळी यांत एसी व्होल्ट किती. मांडवात तिसरी पिन कापलेले प्लग आणि टू-पिन अडॅप्टर नेहमीचे. तारा आणि माइक यांत पाचदहा व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर गाणाऱ्याच्या ओठांना झटका बसणार हे धरून चालायचं. त्यावर इलाज गिटारचं ग्राउंड तोडणं हा नाही, अर्थिंग दुरुस्त करणं हाच आहे.

पॉट: कॉन्टॅक्ट क्लीनर फटीतून, मग पन्नासेक वेळा फिरवले. तीन शांत. ब्रिजचा टोन अजून खरखरतो, कार्बनची पट्टी झिजलीये. बदलायचा तर ए५००के घ्यायचा, ए म्हणजे लॉग, जपानी खुणेत बी म्हणजे लिनियर. बॉडीची भोकं लहान, मेट्रिक मापाची. अमेरिकन मोठ्या पॉटचा गळा साडेनऊ मिलिमीटरचा, तो भोक रुंदवल्याशिवाय बसत नाही आणि जुना नॉबही त्याच्या दात्यांवर नीट बसत नाही. छोटा, सोळा मिलिमीटरचा मागवलाय.

२७ एप्रिल

नवा टोन पॉट बसला. स्विचच्या पात्यांमधून क्लीनर लावलेला जाड कागद ओढला. पॉलिश पेपर वापरू नये, पात्यावरचा मुलामा निघतो. तांब्याची टेप लावायचा आग्रह होता. लावली, टेपचा प्रत्येक तुकडा ग्राउंडला बीप देतो हे पाहून. ट्यूबलाइट आणि एलईडीची चिरचिर बरीच गेली. मोटारींचा हम मात्र जसाच्या तसा, कारण तो चुंबकीय आहे आणि ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला पातळ तांबं अडवत नाही.

जॅकवरून शेवटची रीडिंग, ३८ अंश: नेक ७.१९, मधली ३.६४, ब्रिज ७.३७ के.

माग चालू असताना रेकॉर्ड करून पातळी पाहिली. मधल्या जागी हम एकट्या नेकपेक्षा १७ डेसिबल खाली. हे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असतानाच. एक जरा कमी केला की तोल जातो आणि हम डोकं वर काढतो.

पिकअपची उंची, तार मानेवरच्या शेवटच्या पट्टीवर (फ्रेटवर) दाबून: नेक अडीच मिलिमीटर, ब्रिज दोन.

नकाशाची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली. त्यावर लिहिलंय: ब्रिजचा चुंबक उलटवलेला आहे, वायरी मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. पुढे कुणी एक पिकअप बदलला तर डागण्याआधी काट्याची चाचणी दोन्हींवर करावी. नवा पिकअप उलट निघाला तर त्याची गाभा-जाळी बदलू नये, कव्हर जाळीला जोडलेलं असल्याने ते गरम होईल आणि हात लागताच ओरडेल. कव्हर सोडवून आतली टोकं बदलावीत.

जॅकचा नट अजून जुनाच आहे, आटे झिजलेले. मेट्रिक ९ मिलिमीटरचा मिळाला की बदलायचा.